मंडालेच्या लाकडी कोठडीत टिळकांनी सहा वर्षं कशी काढली?

‘गीतारहस्य’ टिळकांनी तुरुंगात लिहिलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. एका मार्काच्या प्रश्नाचं ते उत्तर. पण तो तुरुंग कसा होता? तिथे दिवस कसा जायचा? कागद-पेन मिळायचं का? आणि पुण्यातल्या माणसाला थेट ब्रह्मदेशात का नेलं?

सुरुवात होते १९०८ सालापासून.

३० एप्रिल १९०८ ला बिहारमधल्या मुझफ्फरपूरमध्ये बॉम्ब फुटला. निशाण्यावर होता मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्ड, पण मारल्या गेल्या दोन इंग्रज महिला. सरकारने धरपकड सुरू केली. टिळकांनी ‘केसरी’त अग्रलेख लिहिले. त्यांचा मुद्दा असा होता की बॉम्बचा मार्ग चुकीचा आहे, पण तरुण त्या मार्गाला का लागले याचं उत्तर सरकारच्या दडपशाहीत आहे. सरकारला हा राजद्रोह वाटला. २४ जूनला मुंबईत सरदारगृहातून टिळकांना अटक झाली.

त्यांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर जिना. जामीन नाकारणारे न्यायमूर्ती होते दिनशा दावर. गंमत म्हणजे १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता.

खटला १३ जुलैला सुरू झाला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यांचं भाषण २१ तास १० मिनिटं चाललं. ज्युरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री शिक्षा झाली ती सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंडाची. दुसऱ्या दिवशी टिळक ५२ वर्षांचे झाले.

मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली.

मंडालेच का?

टिळकांना आधी साबरमतीच्या तुरुंगात ठेवलं. काळ्या पाण्याऐवजी साधी कैद करण्यात आली, पण भारतातल्या तुरुंगात ठेवलं तर लोक गोळा होणार ही भीती होतीच. म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांना बोटीने रंगूनला आणि तिथून मंडालेला नेलं. आधीच्या वर्षी लाला लजपतराय आणि अजितसिंग यांनाही सरकारने मंडालेलाच डांबलं होतं.

इथे इतिहासाने एक विचित्र अदलाबदल करून ठेवली आहे. मंडाले ही ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची राजधानी. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला नजरकैदेत ठेवलं ते रत्नागिरीत, म्हणजे टिळकांच्या जन्मगावी. आता रत्नागिरीत जन्मलेला माणूस थिबाच्या राजधानीत कैदी होता.

कोठडीतला दिवस

मंडालेच्या तुरुंगातल्या बराकी दगडी नव्हत्या. लाकडी होत्या. फळ्यांमधल्या फटींतून उन्हाळ्यात झळा आणि धूळ, पावसाळ्यात पाणी आणि थंडीत वारा थेट आत यायचा. ५२ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या माणसासाठी हीच मोठी शिक्षा होती. पथ्य म्हणून टिळकांनी भात-गहू बंद करून सातूवर दिवस काढले. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिला होता. मराठीत बोलायला जवळ माणूस असा तो एकच. मध्यंतरी कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा त्यांना काही काळ मेक्टिलाच्या तुरुंगात हलवलं होतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. टिळकांना सक्तमजुरी नव्हती, पुस्तकं मिळत होती, वेगळा स्वयंपाक होता. त्या काळात अंदमानला गेलेल्या कैद्यांना कोलूला जुंपलं जायचं, त्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. टिळकांची शिक्षा वेगळ्या जातीची होती. रोज राजकारणात असलेल्या माणसाला राजकारणापासून पूर्ण तोडायचं. घरी पत्र लिहायला मर्यादा, आणि त्यातही फक्त घरगुती मजकूर.

मग त्यांनी स्वतःला अभ्यासाला जुंपलं. पुण्याहून पुस्तकांचे गठ्ठे येऊ लागले आणि हळूहळू कोठडीत शेकडो पुस्तकं जमली. त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकायला घेतली.

शाई नाही, फक्त पेन्सिल

लिहायला सुटे कागद मिळत नसत, कारण सुटा कागद बाहेर जाऊ शकतो. त्यामुळे बांधलेल्या, पानांवर आकडे टाकलेल्या वह्या दिल्या जायच्या. शाई नाही, फक्त पेन्सिल, आणि तीही तुरुंगाबाहेर टोक करून दिलेली. या पेन्सिलींनी टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. गीता संन्यास घ्यायला सांगत नाही, कर्म करायला सांगते, हा त्याचा गाभा. हातून सगळं काम काढून घेतलेला माणूस हे लिहीत होता.

जून १९१२ मध्ये तुरुंगात तार आली. पत्नी सत्यभामाबाई पुण्यात गेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी निघताना झाली ती शेवटची ताटातूट ठरली. शिक्षेची दोन वर्षं अजून बाकी होती.

सुटका

जून १९१४ मध्ये टिळकांना कुठे नेतोय हे न सांगता बोटीत बसवलं गेलं. बोट मद्रासला लागली आणि १६ जूनच्या मध्यरात्री पोलिसांनी त्यांना गायकवाड वाड्याच्या दारात आणून सोडलं. सरकारला गर्दी नको होती. सकाळ झाली आणि गर्दी झालीच.

वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या होत्या. परत मिळणार की नाही, याची मित्रांना काळजी लागली. टिळकांची तयारी होती की नाहीच दिल्या तर आठवून पुन्हा लिहायचं. शेवटी वह्या आल्या आणि १९१५ मध्ये पुस्तक छापून झालं. पुढच्याच वर्षी होमरूल लीग आणि लखनौ करार.

पण या सहा वर्षांची किंमतही मोठी होती. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली होती आणि टिळक आत असताना जहाल गट पार विस्कटला. सरकारला हवं ते बऱ्यापैकी मिळालं होतं.

१९२५ मध्ये मंडालेच्या तुरुंगात आणखी एक राजकीय कैदी आला, सुभाषचंद्र बोस. टिळक इथेच राहिले होते हे कळल्यावर त्यांनी न. चिं. केळकरांना सविस्तर पत्र लिहिलं. त्या लाकडी बराकीतलं ऊन, धूळ आणि एकटेपणा सुभाषबाबू आता स्वतः भोगत होते. ते तेव्हा २८ वर्षांचे होते. तिथे सहा वर्षं काढून वर असा ग्रंथ लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.