क्लब गेला, नायक उरला

पालघरच्या अथवा बोईसरच्या एखाद्या मैदानावर रविवारी सकाळी फेरी मारल्यास फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पाठीवर युरोपातील खेळाडूंची नावे वाचावयास मिळतात. मँचेस्टर किंवा बार्सिलोना ही शहरे त्यांनी पाहिलेली नसतात. परंतु तेथील क्लबांचे जुने वीर त्यांना मुखोद्‌गत असतात. यात गैर काही नाही. जे क्लब शंभर-सव्वाशे वर्षे टिकतात, ते आपल्या खेळाडूंच्या स्मृतीही टिकवितात. प्रश्न निराळाच आहे. याच रेल्वेमार्गाच्या दक्षिण टोकाला, चर्चगेटपासून पायी जाता येईल अशा कूपरेज मैदानावर जो गाजला, ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत जो बसला, त्या नेव्हिल डिसोझाचे नाव यांपैकी एकाच्याही पाठीवर का नसावे?

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील आसगाव येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि रोजगाराच्या शोधात मुंबईस येणाऱ्या गोवेकरांची रीघ लागलेली होती. धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या 'कुडी' होत्या. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी, बँडमधला वादक तेथे उतरत असे. कूपरेजवर गर्दी करणाऱ्यांत ही माणसे असत, तसेच कचेऱ्यांतील कारकून आणि गोदीतील कामगारही असत.

मुंबईच्या फुटबॉलची घडी कलकत्त्याहून वेगळी होती. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान हा सभासदांच्या वर्गणीवर आणि अभिमानावर उभा राहिलेला क्लब. मुंबईत मात्र नामांकित संघ बहुधा कंपन्यांचे होते. चांगल्या खेळाडूस कंपनी नोकरी देई आणि त्याने तिच्या संघातून खेळावे. खेळ नावापुरता हौशी राही. खेळाडूचा चरितार्थ पगारावर चाले. डिसोझा टाटा आणि पुढे कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून नेमक्या क्षणी गोलवर फटका मारण्यासाठी त्यांची ख्याती होती. १९५४च्या हंगामात मुंबईने संतोष करंडक प्रथमच जिंकला, तो काळ त्यांच्या उमेदवारीचा.

१९५२ साली हेलसिंकी येथे भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि युगोस्लाव्हियाने त्यांचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला होता. चार वर्षांनी मेलबर्नला गेलेल्या संघाच्या पायात बूट होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक त्याचे मार्गदर्शक होते. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार पडली. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. भारताने हा सामना ४-२ असा जिंकला. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या डिसोझांचे होते. आशियाई खेळाडूने ऑलिंपिक फुटबॉलमध्ये केलेली ती पहिली हॅट्‌ट्रिक. या विजयाने भारत उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातील पहिला देश ठरला.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता आणि तेथे पहिला गोल डिसोझांनीच केला. काही क्षण का होईना, हेलसिंकीच्या नामुष्कीचे उट्टे निघाल्यासारखे वाटले असेल. पुढे प्रतिस्पर्ध्यांनी चार गोल करून सामना जिंकला. ब्राँझपदकाच्या लढतीतही बल्गेरियाने भारतास हरविले. तथापि चार गोलांसह डिसोझा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. उरलेले दोघे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाचे होते. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला, तेव्हा कूपरेजच्या प्रेक्षकांस आपला नायक आपल्याच मैदानावर विजयी झालेला पाहता आला.

१६ मार्च १९८० रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्यांचे नाव नाही.

या विस्मरणाचा दोष केवळ चाहत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्यांनी डिसोझांचा खेळ पाहिला, त्यांनी जीव ओवाळला. पण ते प्रेम पुढच्या पिढीच्या हाती सोपवणारी संस्था उरली नाही. सत्तरच्या दशकात कॅल्टेक्सचा येथील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला आणि तो पुढे हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स स्पर्धा चालू शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. मफतलाल, ऑर्के हे संघ गेले; २०१० साली महिंद्र युनायटेडही विसर्जित झाला. कंपनीचा संघ हा ताळेबंदातला एक खर्च असतो. व्यवस्थापनाची मर्जी फिरली की तो पुसला जातो आणि त्याबरोबर त्याचा इतिहासही. सभासदांचा क्लब तोट्यातही तग धरतो, कारण त्याचे मालक त्याचे चाहतेच असतात.

म्हणून ती जुनी पद्धत टाकाऊ होती, असे मात्र म्हणता येणार नाही. सामान्य घरातील मुलाला खेळ आणि भाकरी यांतून एकाची निवड करावी लागू नये, ही सोय तिने केली. आज व्यावसायिक लीगमध्ये मोजक्यांना मोठी रक्कम मिळते. इतरांना पाय थकल्यावर टेकायला खुर्ची नसते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देशभरातून कामगार आले आहेत. त्यांत केरळ आणि बंगालसारख्या फुटबॉलवेड्या प्रांतांचेही लोक आहेत. त्यांच्या मुलांना मैदान हवे, स्पर्धा हवी आणि गुणी खेळाडूला कायमची नोकरी देणारा कारखाना हवा. त्याबरोबरच कारखाना बदलला तरी न मोडणारा, गावाच्या मालकीचा क्लबही हवा. नाहीतर येथे उद्या एखादा नेव्हिल डिसोझा निपजेल, चार दिवस खांद्यावर मिरविला जाईल आणि वेतनपटावरून नाव उतरताच लोकांच्या स्मरणातूनही उतरेल.