वसईचे विजेते चिमाजीअप्पा आणि दोन साष्टींचे युद्ध

गोव्यात सासष्टी म्हटले की मडगाव, राचोल, कुंकळ्ळीचा मुलूख डोळ्यांसमोर येतो. ठाणे-मुंबईकडे साष्टी म्हटले की ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट आठवते. दोन्ही नावे सहासष्ट गावांच्या समूहावरून पडली आणि दोन्ही प्रदेश दीर्घकाळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १७३९ साली मराठ्यांनी या दोन्ही साष्टींत एकाच वेळी युद्ध पेटते ठेवले. त्यातली उत्तरेची साष्टी पोर्तुगीजांच्या हातून कायमची गेली, दक्षिणेची त्यांच्याकडे राहिली. आजच्या गोव्याच्या इतिहासाला वळण देणाऱ्या या संघर्षाचे सूत्रधार होते पहिल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा.

थोरल्या बंधूंच्या तेजामुळे चिमाजीअप्पांचे चरित्र बरेचसे झाकोळले गेले. अवघ्या सदतिसाव्या पानावर संपावी अशी त्यांच्या आयुष्याची कथा बहुतेक पुस्तकांत वसईपाशी सुरू होते आणि वसईपाशीच संपते. प्रत्यक्षात वसईच्या आधी दोन दशके हा माणूस मराठी राज्याचा कारभार आणि रणांगण या दोन्ही आघाड्यांवर राबत होता.

भट घराण्याचा धाकटा पुत्र

बाळाजी विश्वनाथ भट आणि राधाबाई यांचे चिमाजीअप्पा हे धाकटे पुत्र. भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालील त्या मुलखातून बाहेर पडून बाळाजी विश्वनाथ देशावर आले आणि १७१३ मध्ये छत्रपती शाहूंचे पेशवे झाले. त्यामुळे परक्या सत्तेखालचे कोकण हा विषय चिमाजीअप्पांना दूरचा नव्हता. तो घरातलाच होता.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजींचे निधन झाले आणि वयाच्या विशीत बाजीरावांकडे पेशवेपद आले. तेव्हापासून दोघा भावांत कामाची एक अलिखित वाटणी झाली. बाजीराव वर्षातील बहुतेक काळ स्वारीवर असत. पुण्याची व्यवस्था, पैशाची जुळवाजुळव, सरदारांची मने राखणे आणि सातारच्या दरबारात भावाची बाजू सांभाळणे ही कामे अप्पांच्या अंगावर पडली. बाजीराव तापट आणि वेगवान, तर अप्पा सबुरीचे आणि हिशेबी होते. बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालत आणि त्या कर्जाचा भार अनेकदा अप्पांना निस्तरावा लागे.

मात्र ते केवळ कारभारी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यातील अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि दयाबहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणात पडले. माळव्याचे दरवाजे मराठ्यांना खुले झाले ते या लढाईने. पुढे इंदूर, ग्वाल्हेर, धार येथे मराठी संस्थाने उभी राहिली, त्या विस्ताराच्या पायाशी अमझेऱ्याचा विजय आहे.

१९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केल्यामुळे सिद्दी सातविषयी कोकणात मोठा रोष होता. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, ज्यांना पेशवे कुटुंब गुरुस्थानी मानत असे, त्यांच्या मनात हे शल्य विशेष होते. या विजयाने कोकणातील सिद्दीचे बळ ओसरले आणि पेशव्यांची नजर उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखाकडे वळली.

उत्तर फिरंगाण

गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने १५३४ मध्ये वसई आणि तिचा परिसर पोर्तुगीजांना दिला. तेथे त्यांचा उत्तर प्रांत उभा राहिला. मराठी कागदांत त्याला फिरंगाण म्हणतात. वसई ही त्याची राजधानी. साष्टी बेट, चौल, दमण, दीव हे त्याचे भाग. गोव्याचा विजरई या सर्वांचा वरिष्ठ होता. वसईच्या कोटात चर्च, मठ, वाडे यांनी गजबजलेले श्रीमंत नगर होते.

कोटाबाहेरचे चित्र वेगळे होते. सक्तीची धर्मांतरे, देवालयांचा विध्वंस, सणासमारंभांवरील बंदी आणि अनाथ मुलांना धर्मसंस्थेच्या ताब्यात देण्याचे कायदे यांमुळे हिंदू रयत त्रस्त होती. गोव्याच्या वाचकाला ही कहाणी नव्याने सांगण्याची गरज नाही. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे नाईक घराणे या तक्रारींचे वाहक झाले. गंगाजी नाईक अंजूरकरांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेपा घातल्या आणि मोहीम ठरल्यावर वाटा, खाड्या, ओहोटीच्या वेळा यांची माहिती पुरवली.

धार्मिक छळ हे युद्धाचे एक कारण होते, एकमेव नव्हे. कल्याणचा सुभा मराठ्यांकडे आल्यापासून दोन सत्तांची सरहद्द खाडीपर्यंत येऊन भिडली होती. कोकणातील बंदरे, मिठागरे, भातशेती आणि समुद्री व्यापार यांवर ताबा कोणाचा, हा खरा प्रश्न होता. त्यातच पोर्तुगीजांनी ठाण्याच्या खाडीवर नवा किल्ला बांधायला घेतला. तो पूर्ण झाला असता तर साष्टीत उतरण्याची वाट बंद झाली असती.

ठाणे ते तारापूर

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठे खाडी ओलांडून साष्टीत उतरले आणि अर्धवट बांधलेला ठाण्याचा किल्ला त्यांनी घेतला. याच किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच सुमारास अर्नाळा बेटही हाती आले. शंकराजी केशव फडके यांनी वसईकडे मोर्चा वळवला, पण पहिल्या हल्ल्यांत वसई पडली नाही.

पुढले वर्ष धीराचे होते. बाजीराव भोपाळजवळ निजामाला कोंडीत पकडत असताना दक्षिणेतून निजामाला कुमक पोहोचू नये म्हणून अप्पांना तापीकाठी ठाण मांडून बसावे लागले. या काळात पोर्तुगीजांनी उचल खाल्ली. १७३८ च्या अखेरीस उत्तर प्रांताचा सेनापती पेद्रो द मेलो ठाणे परत घेण्यासाठी आरमार घेऊन आला, परंतु तोफेच्या माऱ्यात तो स्वतःच ठार झाला. आता अप्पा संपूर्ण सैन्यानिशी कोकणात उतरले.

वसईवर थेट चालून न जाता आधी तिचे हातपाय तोडायचे, ही त्यांची योजना होती. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, तारापूर ही उत्तरेकडची ठाणी एकामागून एक घेतली गेली. तारापूरचा हल्ला फार रक्तरंजित झाला. तटावर शिड्या लावून मराठे चढले आणि त्या चढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजी भिवराव हे पेशवे बंधूंच्या जिवाभावाचे. मोहिमेच्या धकाधकीतही अप्पांनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाचे पत्र लिहिले. मुलाच्या जागी आपल्याला समजावे, अशा आशयाचे ते पत्र या कठोर सेनापतीच्या मनाचा दुसरा पदर दाखवते.

एकाच वेळी दोन आघाड्या

वसईला जमिनीवरून वेढा घालता येत होता, पण समुद्र मोकळा राहिला तर गोव्याहून माणसे आणि दारूगोळा येतच राहणार, हे उघड होते. म्हणून जानेवारी १७३९ मध्ये दुसरे सैन्य गोव्यावर धाडण्यात आले. पेशवे बंधूंचे मेहुणे, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे हे या स्वारीचे नेते. मराठे सासष्टीत शिरले, मडगाव त्यांच्या ताब्यात गेले आणि राचोलच्या किल्ल्याला वेढा पडला.

विजरई कोंद द सांदोमिल याच्यापुढे कठीण पेच उभा राहिला. वसईला माणसे पाठवावीत तर गोवाच धोक्यात येणार, आणि गोवा राखावा तर उत्तर प्रांत जाणार. त्याने गोवा राखला. लिस्बनहून वेळेवर मदत येणे शक्य नव्हते. वसईने मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरला. इंग्रजांनी थोडा दारूगोळा दिला आणि चर्चमधील चांदी व तोफा तारण घेऊन पंधरा हजार रुपयांचे कर्ज दिले. याहून अधिक काही देण्याची त्यांची तयारी नव्हती. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात आपले बंदर सुरक्षित कसे राहील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

वसईचा वेढा

फेब्रुवारी १७३९ मध्ये अप्पा वसईसमोर आले. कोटाच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल. हल्ल्याला योग्य अशी एकच बाजू, उत्तरेकडची, आणि तेथे भक्कम बुरुज. मराठ्यांची घोडदळाची रीत येथे निरुपयोगी होती. खंदक खणत पुढे सरकायचे, बुरुजांखाली सुरुंग भरायचे, ते उडताच खिंडारातून आत घुसायचे, असे हे संथ आणि जीवघेणे काम होते. भोपाळहून परतलेले मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. मानाजी आंग्रे यांच्या गलबतांनी समुद्राकडून शह दिला.

याच सुमारास नादिरशाह दिल्लीत शिरल्याची बातमी आली. इराणी फौज दक्षिणेकडे वळली तर तिला तोंड द्यायला बाजीरावांना सैन्य हवे होते आणि उत्तम सरदार तर वसईच्या खंदकात अडकलेले. वेढा उठवावा की रेटावा, असा प्रश्न होता. हातातोंडाशी आलेली वसई सोडली तर तीन वर्षांची मेहनत वाया जाईल, हे जाणून अप्पांनी वेढा रेटला.

मे महिन्याच्या पूर्वार्धात निकराचा हल्ला झाला. काही सुरुंग वेळेवर उडाले, काही उशिरा. खिंडारात शिरलेली आपलीच माणसे उशिरा उडालेल्या सुरुंगाने गाडली गेली. वरून पोर्तुगीज बॉम्बगोळे, जळते पदार्थ आणि दगड टाकत होते. पडलेल्यांच्या जागी नवे येत राहिले आणि अखेर सेंट सेबॅस्टियन बुरुजावर मराठ्यांचा पाय रोवला गेला. आतली स्थितीही शोचनीय होती. वरिष्ठ अधिकारी एकेक करून मारले गेले, दारू संपत आली. उरलेल्यांचा प्रमुख कायतान द सोझा परैरा याने १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटींवर सही केली. पोर्तुगीजांचे सुमारे आठशे लोक या वेढ्यात कामी आले, तर मराठ्यांच्या हानीची गणती हजारांत झाली.

विजयानंतरचा संयम

इतके रक्त सांडल्यावर विजयी सैन्याने सूड उगवला असता तर त्या काळाच्या रीतीला ते धरूनच झाले असते. अप्पांनी तसे होऊ दिले नाही. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाण फडकावत आणि ढोल वाजवत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. ज्यांना जायचे त्यांना सामानासह जाता आले. जे ख्रिस्ती राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक आणि वसई शहर, वसई प्रांत व साष्टी येथे प्रत्येकी एक अशी तीन चर्चे राखण्याची सवलत तहात नोंदली गेली. २३ मे रोजी कोट मराठ्यांच्या ताब्यात आला.

धर्मच्छळाच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या युद्धाचा शेवट धर्मपालनाच्या हमीने झाला, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य आहे. वसईचा ख्रिस्ती समाज आजही आपली मराठी बोली, शेती आणि चर्च जपून तेथेच नांदतो आहे.

वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावरील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ सालची घंटा त्यांपैकी प्रसिद्ध आहे. मोहिमेपूर्वी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलल्याची परंपरा सांगितली जाते. तिचे देवालय पुढे उभे राहिले.

अखेरचे दीड वर्ष

विजयाचा आनंद फार टिकला नाही. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधांवरून घरात वादळ उठले होते. अप्पा आणि बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवले. घराण्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेली ही कृती बाजीरावांच्या मनाला खोल जखम करून गेली. वसईत परक्यांशी उदारपणे वागलेल्या अप्पांचा घरातला हा कठोरपणा त्यांच्या चरित्रातील डाग म्हणावा लागेल. १७४० च्या आरंभी दोघे भाऊ निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढले, परंतु २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. तेव्हा अप्पा आंग्र्यांचा तंटा मिटवण्यासाठी कुलाब्याला होते. भावाची अखेरची भेटही त्यांना घडली नाही.

पुतण्याला पेशवेपद मिळवून देणे हे त्यांचे शेवटचे मोठे काम. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांशी तह झाला. पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई सोडले, मराठ्यांनी गोव्याची सासष्टी सोडली. प्रकृती आधीच ढासळली होती. १७ डिसेंबर १७४० रोजी चिमाजीअप्पांचे निधन झाले. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे. मागे उरलेला दहा वर्षांचा मुलगा म्हणजे सदाशिवरावभाऊ, जो पुढे पानिपतावर पडला.

जिंकलेले आणि उरलेले

अप्पांनी जिंकलेली साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १७८० मध्ये वसईही त्यांच्या हाती गेली. १७३९ मध्ये काठावर बसून हिशेब करणाऱ्यांनाच अखेर लाभ झाला. बळकट आरमाराशिवाय किनारा टिकत नाही, हा धडा वसईच्या विजयातच दडलेला होता. मराठी राज्याने तो पुरेसा घेतला नाही.

गोव्यावरही या युद्धाची छाया लांबवर पडली. उत्तर प्रांत गमावल्यावर पोर्तुगीजांकडे उत्तरेत दमण आणि दीव एवढेच उरले. पुढे १७६३ ते १७८८ या काळात त्यांनी गोव्याभोवतीचे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे आदी प्रदेश जोडले. या नव्या काबिजादींत जुन्या काबिजादींसारखी सक्तीची धर्मांतरे झाली नाहीत, आणि म्हणूनच आजही फोंडा महालातील देवळांच्या घंटा अखंड वाजत आहेत. गोव्याचा जो नकाशा आज आपण पाहतो, त्याच्या रेषा ठरवणाऱ्या घटनांत वसईच्या त्या उत्तरेकडच्या खिंडाराची आणि तेथे उभ्या असलेल्या चिमाजीअप्पांची गणना करावीच लागते.