गोष्ट कशी रचायची हे मराठीला शिकवणारे ना. सी. फडके, आणि १९४० चं रत्नागिरी

१९४० साली मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीत भरलं. अध्यक्ष होते ना. सी. फडके. त्या काळी घराघरात त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या जायच्या, आणि वाचनालयात नवी कादंबरी आली की नंबर लावावे लागायचे. पण या माणसाचं दुसरं काम आज फारसं कुणाला आठवत नाही. गोष्ट नेमकी कशाकशापासून बनते, हे त्यांनी मराठीत सविस्तर मांडलं होतं.

नारायण सीताराम फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ चा, नगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. शिक्षण पुण्यात झालं. पहिली कादंबरी आली १९१७ मध्ये, ‘अल्ला हो अकबर’. तिच्यामागे मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेची कादंबरी होती. पुढे दोन-चार ठिकाणी नोकऱ्या करून १९२६ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि १९४९ पर्यंत तिथेच राहिले. शिकवायचे काय, तर तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कादंबरीकडेही ते तसंच बघायचे. जादूगार, दौलत, अटकेपार अशा कादंबऱ्या एकामागोमाग एक येत गेल्या. आयुष्यभरात साठाहून जास्त झाल्या.

१९३१ मध्ये आलं ‘प्रतिभासाधन’. लिहिणं ही देवाची देणगी, ती शिकवता येत नाही, असं मानणाऱ्या काळात फडक्यांनी सरळ कथेची यंत्रणा उघडून दाखवली. कथानक, पात्रं, वातावरण, संवाद, गोष्ट कुणाच्या तोंडून सांगायची हा प्रश्न.

हे समजायला आपण रत्नागिरीचंच एक उदाहरण रचू. मिरकरवाड्यातून एक होडी गेली आणि परत आली नाही. ही झाली बातमी. आदल्या रात्री तांडेलाचं भावाशी भांडण झालं, म्हणून आभाळ भरलेलं दिसत असूनही त्याने होडी काढली, असं म्हटलं की कथानक सुरू झालं. आता कारण आलं. ‘का’ आला की माणूस येतो. तांडेल हट्टी आहे, भाऊ घाबरट आहे, हे झालं पात्र. भरलेलं आभाळ आणि खवळलेला समुद्र हे वातावरण. आणि ही गोष्ट धक्क्यावर उभी असलेली बायको सांगणार की घरात दडून बसलेला भाऊ? तेवढ्यावर सगळी गोष्ट बदलते. फडक्यांचा जीव मात्र पेचात. तो हळूहळू घट्ट करायचा आणि शेवटी एका कलाटणीने सोडवायचा.

इथेच भांडण पेटलं. फडक्यांचं म्हणणं, कलेचं काम आनंद देणं. समोर उभे होते वि. स. खांडेकर. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरोड्यात त्यांनी १९२० पासून १९३८ पर्यंत शाळेत शिकवलं होतं, तिथली गरिबी जवळून पाहिली होती. कला जीवनासाठी, अशी त्यांची बाजू. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी’ हा वाद मराठीत वर्षानुवर्षं चालला. गंमत म्हणजे १९३८ नंतर दोघंही कोल्हापुरातच राहत होते, आणि रत्नागिरीनंतर १९४१ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्ष झाले खांडेकर!

खरा धक्का त्यानंतरचा. १९४५ च्या पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली. तिला नीटस पेच नको होता, शेवटची कलाटणी तर नकोच. ज्या तंत्राने फडके मोठे झाले, तेच ‘तंत्र’ समीक्षेत जवळपास शिवी बनलं. आमच्या मते हे थोडं अन्यायाचं होतं. फडक्यांच्या कादंबऱ्यांतले देखणे, सुशिक्षित नायक-नायिका आज खोटे वाटतात, हे मान्य. पण गोष्टीचे भाग सुटे करून बघायची सवय त्यांनीच लावली होती, आणि ते तंत्र मोडायलाही आधी ते माहीत असावं लागतं.

१९५२ मध्ये ‘गारंबीचा बापू’ आली. लेखक श्री. ना. पेंडसे, दापोलीजवळच्या मुर्डीचे. फडक्यांच्या कादंबरीत वातावरण बहुतेकदा मागच्या पडद्यासारखं असायचं. इथे गारंबी गाव स्वतःच एक पात्र होऊन बसलं.

फडके लिहीत राहिले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. रत्नागिरीत पुन्हा संमेलन भरलं ते १९९० मध्ये, आणि त्या वेळी अध्यक्ष होते कोकणातल्या माणसांच्या गोष्टी लिहिणारे मधु मंगेश कर्णिक.