पंडिता रमाबाई आणि घरांतील नित्य वाचन

आमच्या पालकांच्या तोंडून एक प्रश्न आम्ही वारंवार ऐकतों. घरांत लहान मुलांना जवळ घेऊन रोज बायबल वाचावें, असें पुष्कळांना मनापासून वाटतें. परंतु वडील मंडळी पहाटेच्या लाँचनें मोरा बंदरांतून भाऊच्या धक्क्याला जातात व रात्रीं थकून परततात; आई कामांत बुडालेली असते; आणि मुलें दोन ओळी ऐकून होतात न होतात तोंच चुळबूळ करूं लागतात. मग हें साधावें कसें? याला उपदेशानें उत्तर देण्यापेक्षां एका थोर स्त्रीचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता व त्यांची अनाथसेवा सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्यांतील एकच धागा आम्ही येथें उचलीत आहों.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं कर्नाटकांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं त्या काळचा दंडक मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि त्यापायीं लोकांचा रोष सोसला. तीच विद्या पुढें लक्ष्मीबाईंनीं आपल्या धाकट्या मुलीला दिली. दिवसभराच्या कामांत सवड मिळत नसे, म्हणून त्या माउलीनें पहाटेची वेळ निवडली. पांखरें जागीं होण्यापूर्वीं ती निजलेल्या मुलीला मायेनें उठवी, जवळ घेई आणि पाठ सांगे. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रेंत गांवोगांव पायीं हिंडूं लागलें. तेव्हां आईची मांडी हीच मुलीची पाठशाळा झाली. भागवताचे हजारों श्लोक रमाबाईंच्या मुखीं आले ते असे. तो ग्रंथ निराळा होता हें खरें. पण ग्रंथाची गोडी मुलाला कशी लावावी, हें त्या आईकडून कोणत्याही धर्माच्या घरानें शिकावें.

1874 च्या सुमारास दुष्काळांत आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्यासह रमाबाई देशभर भटकत 1878 सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. तेथेंच एका ख्रिस्ती मेळाव्यांत त्यांस बायबलाची संस्कृत प्रत देण्यांत आली. एवढी मोठी विदुषी. परंतु त्या पुस्तकाची भाषा तिच्या परिचयाच्या संस्कृताहून इतकी निराळी होती कीं, अर्थबोधच होईना. पुढें 1880 सालीं भाऊ वारले व त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाचें एक लहानसें बंगाली पुस्तक सांपडलें. तें मात्र त्यांनीं आवडीनें वाचलें. विद्वानाच्या भाषेनें जें दार उघडलें नाहीं, तें घरच्या बोलीनें उघडलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

16 एप्रिल 1881 रोजीं त्यांस मनोरमा ही कन्या झाली. आणि 1882 च्या फेब्रुवारींत पती पटकीनें वारले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व 1883 सालीं इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षीं 29 सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु मुलीच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नावरून तेथील धर्मभगिनींशीं त्यांचा मतभेद झाला. आपल्या बुद्धीला जें अद्याप पटलें नाहीं, तें मुलीकडून केवळ पाठ करवून घ्यावें, हें त्यांस रुचेना. बाई उपकार विसरणाऱ्या नव्हत्या. तरीही आईचा हा अधिकार त्यांनीं सोडला नाहीं.

यानंतरचा प्रसंग आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत कठीण होय. 11 मार्च 1889 रोजीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन काढलें. 1890 सालीं तें पुण्यास नेलें. कोणाच्याही धर्मांत ढवळाढवळ करावयाची नाहीं, असें त्यांचें वचन होतें. त्या मनोरमेला घेऊन आपल्या खोलींत नित्य वाचन व प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. कोणास बोलावीत नसत; आलेल्यास हांकलीतही नसत. हळूहळू कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. गांवांत गवगवा झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सहायकांनीं 1893 सालीं सल्लागार मंडळ सोडलें, व पालकांनीं 20-25 मुली काढून नेल्या. त्या पालकांस आम्ही दोष देत नाहीं. आपलीं लेंकरें दुसऱ्याच्या हवालीं करणाऱ्याला काळजी वाटावी, हें स्वाभाविकच आहे; आणि आमच्यासारख्या शिक्षकांनीं ती नेहमीं मनांत वागवावी. पण बाईंपुढील पेंचही पाहावा. स्वतःच्या मुलीसह केलेली प्रार्थना दार लावून लपवावी, कीं उघडी ठेवून संस्था धोक्यांत घालावी? त्यांनीं दार लावलें नाहीं, आणि त्याची किंमत भोगली.

त्यानंतर केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. 1896-97 च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली आणल्या. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारें 2000 झाली. या मुलींपैकीं बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. मराठींत बायबल पूर्वींपासून होतें. पण त्यांतील संस्कृतप्रचुर भाषा या मुलींस कळत नाहीं, असें बाईंस दिसून आलें. कलकत्त्यांत मिटलेलें तें संस्कृत पुस्तक त्यांस त्या वेळीं आठवलें असेल काय? उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठींत उतरविण्याचें काम हातीं घेतलें. खिळे जुळविणें, छापणें हीं कामें मुक्तींतील स्त्रियांनींच केलीं. 24 जुलै 1921 रोजीं मनोरमा गेली. जिच्यासह आयुष्यभर वाचन केलें, ती लेक डोळ्यांदेखत गेली. तरी आईची लेखणी थांबली नाहीं. भाषांतर पुरें करून 5 एप्रिल 1922 रोजीं बाईंनीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. सवड नसते, हें लक्ष्मीबाईंच्याही घरीं खरें होतें. त्यांनीं ती पहाटेच्या अंधारांतून काढली. आपल्या घरीं पहाट जमत नसेल तर दिवेलागण आहे, निजण्यापूर्वींची वेळ आहे. दहा मिनिटें पुरेत. पण तीं रोजचीं असावीत, आणि तेवढा वेळ थोरांनींही मोबाईल दूर ठेवावा. मुलाला वाच म्हणून बसविण्यापूर्वीं आपण स्वतः वाचीत बसावें. दार उघडें असलें म्हणजे मूल आपण होऊन येतें. भाषा त्याच्या तोंडची असावी. बाईंस गोडी लावणाऱ्या त्या लूकच्या पुस्तकांतच पेत्राच्या जाळ्याची कथा आहे. रात्रभर श्रम करून रिकामें आलेलें जाळें म्हणजे काय, हें मोऱ्याच्या कोळीवाड्यांतील मुलाला समजावून सांगावें लागत नाहीं. तोच तें आपल्याला समजावून सांगेल. त्याला सांगूं द्यावें, प्रश्न विचारूं द्यावे, आणि उत्तर येत नसेल तर तसें मोकळेपणानें म्हणावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कित्येकांच्या घरीं बायबल नसेल, दुसरा ग्रंथ असेल. तो आज संध्याकाळीं आईवडिलांजवळ बसून उघडा. आणि ज्यांच्या घरीं बायबल आहे, त्यांनीं तें पुसून परत फळीवर ठेवूं नये. आपल्या मराठींत तें घरोघर वाचलें जावें, म्हणून एका आईनें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं आहेत.