रवींद्रनाथ आणि त्यांच्या सुरांची राखण

पोटापाण्यासाठी वंगभूमीत येऊन स्थिरावलेल्या आम्हा महाराष्ट्रीयांना रवींद्रनाथ ठाकूर हे नाव परके कधीच वाटले नाही. त्यांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात झाला. वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतील पहिले हिंदी अधिकारी. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात होती. या योगायोगाने १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले आणि त्यांची विदुषी कन्या अन्नपूर्णा हिच्याकडून त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले. सत्येंद्रनाथांची कन्या इंदिरादेवी हिचा जन्म १८७३ साली विजापूरकडील कलादगीचा. पुढे काकांच्या कित्येक गीतांचे स्वरलेखन या पुतणीनेच केले.

दोन हजारांहून अधिक गीते रचणाऱ्या या कवीने इतरांच्या चाली मोकळ्या मनाने घेतल्या. स्कॉटलंडची लोकगीते, हिंदुस्थानी बंदिशी, बाउलांची पदे यांचे सूर त्यांच्या गीतांत मिसळले आहेत. १९०५ च्या वंगभंगाच्या काळात लिहिलेल्या आणि आज बांगलादेशाचे राष्ट्रगीत असलेल्या गीताची चाल गगन हरकरा या टपाल वाटणाऱ्या बाउल गायकाच्या गाण्यावरून घेतलेली आहे.

परंतु स्वतःच्या गीतांबाबत मात्र ते दक्ष होते. ग्रामोफोन आला, गीते तबकड्यांवर उतरू लागली आणि गाणारे आपल्या रुचीप्रमाणे सुरांत फेरफार करू लागले. रवींद्रनाथांना याचे दुःख होई. दिलीपकुमार राय यांनी गायकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडून त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. पण आपल्या गीतांत गायकाने भरून काढावी अशी जागाच आपण ठेवलेली नाही, ही कवीची भूमिका ढळली नाही. याउलट पंकज मल्लिक यांनी त्यांच्या एका कवितेस चाल लावली आणि ती प्रत्यक्ष त्यांना ऐकवली, तेव्हा त्यांनी संमती दिली. १९३७ च्या 'मुक्ती' चित्रपटात ते गीत आले. बदलाचे त्यांना वावडे नव्हते. न विचारता केलेल्या बदलाचे होते.

७ ऑगस्ट १९४१ रोजी कवी निवर्तले. त्यानंतर ही राखण विश्वभारतीच्या संगीत समितीकडे आली. या राखणीचे कधी कुंपणही झाले. देवव्रत विश्वासांसारख्या लोकप्रिय गायकाच्या ध्वनिमुद्रणांवर आक्षेप घेण्यात आले आणि अखेर त्यांनी ध्वनिमुद्रण करणेच सोडले. २००१ च्या अखेरीस स्वामित्वहक्काची मुदत संपली. आता ढोलताशांसारख्या विद्युत्‌तालावर नाचण्याजोगी केलेली रवींद्रगीतेही पूजेच्या मांडवांत कानी पडतात, आणि त्यांना कायद्याने हरकत घेता येत नाही.

येथे आमचाही एक अपराध सांगितला पाहिजे. नाट्यसंगीतावर पोसलेल्या आम्ही एका घरगुती मैफलीत रवींद्रनाथांचे एक गीत ताना-मुरक्यांनी नटवून म्हटले. टाळ्या पडल्या. शेजारचे वृद्ध बंगाली गृहस्थ मात्र गप्प होते. निघताना त्यांनी हळुवारपणे सांगितले, की आवाज गोड होता, पण गीत त्यांना भेटले नाही. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पदाचा विस्तार करणे हा आमच्या परंपरेत गायकाचा गौरव. येथे तोच अतिक्रमण ठरला होता. दुसऱ्याच्या घरी पाहुण्याने भांडी आपल्या सोयीने मांडू नयेत, एवढे साधे भान आम्ही विसरलो होतो. कायद्याची मुदत संपते, या भानाची संपत नाही.

आपल्या मंडळाच्या सभेच्या शेवटी आपण सर्व उठून उभे राहतो आणि २७ डिसेंबर १९११ रोजी याच शहरात काँग्रेसच्या अधिवेशनात प्रथम गायिले गेलेले त्यांचे गीत म्हणतो. सुमारे ५२ सेकंद लागतात. आपल्यापैकी कोणीही त्यात एकही तान घेत नाही, आणि ते अपुरे वाटल्याचे आजवर कोणी म्हटलेले नाही.