मगरींचा सोबती

मुलांनो, सहाव्या वाढदिवसाला तुम्हांला कोणती भेट मिळाली होती? स्टीव्ह इर्विनला मिळाला होता अजगर! तोही सुमारे बारा फूट लांबीचा.

स्टीव्हचा जन्म २२ फेब्रुवारी १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला. वडील बॉब यांना सापांचे आणि सरड्यांचे वेड होते. आई लिन जखमी प्राण्यांची सेवा करीत असे. १९७० साली हे कुटुंब क्वीन्सलँड राज्यातील बिअरवाह या गावी आले. तेथे त्यांनी सर्पोद्यान उघडले. अवघ्या नऊ वर्षांचा असताना स्टीव्ह वडिलांच्या देखरेखीखाली मगर पकडायला शिकला.

मोठेपणी हेच त्यांचे काम झाले. मगर, म्हणजे तुमच्या उर्दूतला मगरमच्छ, वस्तीजवळ आली की लोक तिला गोळी घालीत. स्टीव्ह सरकारी योजनेत स्वयंसेवक झाले. ते होडीतून जात, मगरीला जिवंत पकडीत आणि दूर नेऊन सोडीत किंवा आपल्या उद्यानात ठेवीत. अशा शंभरावर मगरी त्यांनी वाचवल्या.

१९९२ साली टेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर फिरायला जाण्याऐवजी हे जोडपे मगर पकडायला गेले! त्या वेळच्या चित्रीकरणातूनच 'क्रोकोडाइल हंटर' ही मालिका जन्मली. नाव 'मगरींचा शिकारी', पण हा शिकारी मारीत मात्र कोणालाच नसे. खाकी अर्धी चड्डी घातलेला हा हसरा माणूस शंभराहून अधिक देशांतील घराघरांत पोहोचला.

त्यांचे सगळेच वागणे बरोबर होते असे नाही. जानेवारी २००४ मध्ये त्यांनी एका हातात महिन्याभराचा मुलगा धरून दुसऱ्या हाताने मगरीला खाऊ घातले. जगभर टीका झाली. मुलाला धोका नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. मला मात्र ते पटत नाही. आपला जीव पणाला लावणे वेगळे; तान्ह्या बाळाला काय विचारणार?

४ सप्टेंबर २००६ रोजी ते पोर्ट डग्लसजवळच्या समुद्रात होते. हवा खराब असल्याने ठरलेले चित्रीकरण थांबले होते. रिकामा वेळ कशाला घालवायचा, म्हणून मुलगी बिंदी हिच्या कार्यक्रमासाठी ते उथळ पाण्यात उतरले. समोर एक मोठा पाकट मासा होता. हा चपटा मासा सहसा माणसापासून दूर पळतो. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. त्या दिवशी तो उलटला. काटा छातीत घुसला आणि स्टीव्ह वाचले नाहीत. त्यांचे वय होते ४४ वर्षे.

सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याची तयारी दाखवली. आपला मुलगा साधा माणूस होता, असे सांगून वडिलांनी ती नाकारली. त्यांना त्यांच्याच प्राणिसंग्रहालयात दफन केले.

पुढच्या काही दिवसांत क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मेलेले पाकट सापडू लागले. काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. कोणीतरी सूड घेत असावे, अशी शंका आली. तेव्हा स्टीव्ह यांचे सहकारी पुढे आले. आपल्या मित्राच्या नावाने एकही प्राणी मारू नका, अशी विनवणी त्यांनी लोकांना केली.