विद्यार्थी बाबासाहेब : पदवीचे नियम आणि मानववंशशास्त्राचा तो वर्ग

भंडारा जिल्ह्यात बाबासाहेबांचा विषय निघाला की जुनी माणसं १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीवर येतात. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते हरले. ती सल अजून गेलेली नाही. पण मी ज्या तरुण मुलामुलींसोबत काम करते, त्यांना मला त्याच्या चाळीस वर्षं आधीचे बाबासाहेब सांगावेसे वाटतात. बावीस वर्षांचे, परदेशातल्या विद्यापीठात नाव नोंदवायला निघालेले.

याला कारण आहे. आपल्या वस्त्यांतली अनेक मुलं पदवी अर्धवट सोडतात, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. क्रेडिट किती लागतात, विषय कधी बदलता येतो, प्रबंधासाठी मार्गदर्शक कसा ठरवायचा, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी एम.ए. करत असताना शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो हे मला माहीत नव्हतं. मुदत गेली आणि एक वर्ष हातउसने पैसे घेऊन काढावं लागलं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्याला हे सांगणार कोण? बाबासाहेबांच्या घरीही विद्यापीठाचे नियम माहीत असलेलं कोणी नव्हतं. तरी त्यांनी ते कसे निभावले, ते पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिक १९०७ साली. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर लगेच फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती तीन वर्षांची होती आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. म्हणजे न्यूयॉर्कला उतरण्याआधीच त्यांच्या शिक्षणाला मुदत आणि अट दोन्ही लागलेल्या होत्या.

जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मुख्य विषय अर्थशास्त्र आणि मार्गदर्शक प्राध्यापक एडविन सेलिग्मन. पदवीपुरते विषय घेऊन ते थांबले असते तरी कोणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी मात्र तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. १९१५ मध्ये एम.ए. झालं.

यातले मानववंशशास्त्राचे चार अभ्यासक्रम आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. त्या काळी कोलंबियात फ्रान्झ बोआस शिकवत होते. वंशावरून माणसाची बुद्धी ठरते या समजाला त्यांनी शास्त्राच्या आधारे आव्हान दिलं होतं. त्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बंधनाला टिकवण्यासाठी कशा आल्या, हे एकेक पायरी करून मांडलं. जात मनूने निर्माण केली हे म्हणणं त्यांनी नाकारलं. मनूने आधीच असलेल्या व्यवस्थेला नियमांचं रूप दिलं, असं त्यांचं प्रतिपादन होतं. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांची मतं त्यांनी तिथे तपासली. पुढच्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

विचार करा, मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि जातिव्यवस्थेवरचं त्यांचं पहिलं मोठं लेखन मानववंशशास्त्राच्या वर्गात झालं. आपल्या प्रश्नाला ज्या विषयात उत्तर मिळेल, तो विषय त्यांनी घेतला.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, सोबत ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचं शिक्षण. सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं होतं. चांगला मार्गदर्शक पुढचं दारही उघडून देतो, ते असं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावं लागलं. निघण्याआधी त्यांनी एक काम केलं. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली.

इकडे करारानुसार ते बडोद्याला गेले. तिथे राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीतून त्यांना हाकलण्यात आलं आणि नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं. पुस्तकांची पेटारी घेऊन येणारं जहाज महायुद्धात बुडालं होतं. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून बचत केली, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं आणि १९२० मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. ती परवानगी घेतलेली नसती तर सगळं नव्याने सुरू करावं लागलं असतं.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ मध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. त्या वेळी हातात पैसा नव्हता. भारतात परतून त्यांनी प्रबंध सुधारला, पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपले मतभेदही नोंदवले. गुरूशी मतभेद असूनही पदवी मिळू शकते, हे आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? तिथला नियम असा की प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी नाही. छपाईला पैसा लागतो. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला, प्रस्तावना सेलिग्मन यांची. पदवी हाती पडली १९२७ च्या जूनमध्ये. कोलंबियातला अभ्यास संपून तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. चळवळ उभी राहत असताना त्यांनी पदवीचा कागद अर्धवट सोडला नाही.

मानववंशशास्त्रही सुटलं नाही. १९४६ च्या शूद्रांवरच्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा सिद्धांत तपासून नाकारला. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात शरीरमापनाची आकडेवारी घेऊन अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवलं. आपल्याला हीन ठरवायला जे शास्त्र वापरलं जात होतं, तेच त्यांनी उलटं फिरवलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज काढलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आता आपल्याकडे येऊ. मानववंशशास्त्र म्हणजे दूरदेशीचं काही नाही. पवनीच्या टेकड्यांत १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडले. ढिवरांची मासेमारी, कोष्ट्यांचं कोसा विणकाम, मालगुजारी तलावांचा हक्क कोणाचा, हे सगळे क्षेत्रकार्याचे विषय आपल्या जिल्ह्यात पडून आहेत. त्यावर आपली मुलं लिहितील की बाहेरून आलेले लोक, हा प्रश्न आहे.

म्हणून विहारांना आणि मंडळांना एक विनंती. निकालानंतरच्या महिन्यात विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ प्रवेशासाठी ठेवा. पदवी झालेल्या दोघांनी बसावं, अभ्यासक्रमाची नियमावली समोर ठेवून मुलांना क्रेडिट, सक्तीचे पेपर, विषयबदल, शिष्यवृत्तीच्या तारखा समजावून सांगाव्यात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी मार्गदर्शकाला कसं भेटायचं, प्रश्न घेऊन कसं जायचं, याची तयारी करून घ्यावी. विद्यार्थी मित्रांनो, प्रवेश घेतला त्याच आठवड्यात तुमच्या पदवीचे नियम स्वतः वाचा आणि मुदतींच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अडलात तर त्या संध्याकाळी विहारात या.

जय भीम!